शिरवोळीचा मंगळवार

पाटलाचा निरोप आला तेव्हा मालुबाई खळं सारवत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत शेणात, केसांची बट डोळ्यावर आलेली आणि ती मागे सारायला हात मोकळा नाही. अशा वेळी कुणी काही सांगायला आलं तर ते चांगलं नसतं, हा तिचा जुना अनुभव होता. शेजारचा ज्योतिबा बांधावरच थांबला. पुढे यायची त्याची छाती नव्हती.

"वैनी, भरमाण्णा कुठं हाय?"

"कुठं असंल? शेतात. कापणी चाललीया. काय ते सांग आनि वाटंला लाग."

"पाटलानं सांगावा धाडलाय. येत्या मंगळवारी सायबाचं सामान यायचं हाय खानापुरासनं. गावातल्या झाडून सगळ्या गाड्या पाहाटं शिवंवर पायजेत. तुमची पयली."

"आमची पयली का रं? आमी काय सायबाच्या नात्यातलं?"

"तुमचं बैल लई चांगलं म्हणून," ज्योतिबा म्हणाला, आणि आपण कौतुक केलं अशा समजुतीने हसला.

मालुबाईने हातातला शेणाचा गोळा असा आपटला की त्याचे शिंतोडे ज्योतिबाच्या धोतरावर गेले. तो आल्या वाटेने परतला.

मिठाचा सत्याग्रह होऊन गेला त्या सालचा कार्तिक होता तो. शिरवोळी हे गाव खानापूरहून जांबोटीला जाणाऱ्या रस्त्याला खेटून आणि रस्त्याला खेटून असणं हेच त्याचं दुर्दैव. दर वर्षी भातं कापून शेतात आडवी झाली की साहेबाला नेमकी फिरतीवर निघायची हुक्की येई. तंबू, खाटा, टेबलं, पाणी तापवायचा बंब, अंघोळीची पत्र्याची डोणी, खुराड्यात कोंबड्या, असा त्याचा सगळा संसार गावोगावच्या गाड्यांवरून पुढे सरकत असे. मागच्या गावाने तो शिरवोळीच्या शिवेवर आणून टाकायचा, शिरवोळीने उचलून कोदळीच्या शिवेवर न्यायचा. याला वेठ म्हणत. मजुरी मागायची नाही, बैल दमले म्हणायचं नाही, आणि 'नाही' तर मुळीच म्हणायचं नाही.

गेल्या साली भरमाची गाडी जी गेली ती आठवडा उलटला तरी परत आली नव्हती. पुढे गाड्या मिळेनात म्हणून कारकुनाने त्याला तसाच घाटापर्यंत दामटला. वाटेत ओढ्याला पाणी होतं, तर मडमेचं कुत्रं खांद्यावर घेऊन त्याला पलीकडे जायला लावलं. कुत्र्याने ओढ्याच्या मध्यावरच आपला कार्यभाग उरकून घेतला. ही गोष्ट भरमाने घरी येऊन स्वतःच हसत हसत सांगितली आणि तेव्हापासून गावाला वर्षभर पुरेल असा विषय मिळाला. पण बैलाची मान सोलून निघाली होती. आणि इकडे कापलेलं भात शेतात असताना अवेळी पाऊस कोसळला. मालुबाई आणि तिची म्हातारी सासू नागुबाई, दोघींनी उचललं तेवढं उचललं. उरलेल्या भाताला लोंब्यांतच मोड फुटले.

त्या भाताचा तांदूळ घरात वर्षभर शिजला. शिजताना त्याला कुबट वास यायचा. मालुबाई रोज तो वास नाकात घेत चुलीपुढे बसायची आणि रोज साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. यंदाचं भात कोरडं खळ्यावर यायला हवं, एवढी एकच गोष्ट तिने मनात धरली होती. स्वराज्य वगैरे जे काय यायचं ते आपल्या पायांनी येवो.

स्वराज्याचं बघायला परसू होताच. परसू हा भरमाचा मावसभाऊ, शहापुरात मागावर बसायचा. कापणीला म्हणून गावी आला तो डोक्यावर पांढरी टोपी घालून. आमच्या आळीतल्या विणकरांनी एकी केली, माग बंद ठेवले आणि व्यापारी कसा ताळ्यावर आला, हे तो रोज संध्याकाळी गावदेवी माउलीच्या देवळात रंगवून सांगे. त्याच्या सांगण्यावरून गावाने शेतकरी संघ काढला. माउलीच्या पायरीवर नारळ फोडला आणि यापुढे वेठ करायची नाही अशी सगळ्यांनी शपथ घेतली. इथपर्यंत झकास झालं. पण हे पाटलाला जाऊन सांगायचं कुणी, तिथे संघाचं घोडं अडलं. मग रोज बैठक आणि रोज तेच दळण.

निरोप आला त्या संध्याकाळीही तेच चाललं होतं. पुरुष मध्ये, बायका खांबांच्या आड.

"भरमा, तूच जा की. कुत्र्याची वळख हाय तुझी," कुणीतरी म्हणालं आणि देऊळभर हशा पिकला. भरमाही हसला. तो कशालाही हसे. मालुबाईच्या मात्र मस्तकात गेलं. पदर खोचून ती खांबाआडून पुढे आली.

"कुनी जाऊ नका. वार पाळा."

"काय पाळा?" परसूने विचारलं.

"मंगळवारचा वार पाळा म्हणते. वाराला बैलाच्या मानंवर जू चढत न्हाय. मग पाटील न्हाय आनि त्येचा सायेबबी न्हाय. गाड्या मागितल्या तर सांगायचं, माउलीचा वार हाय."

मग एकदम सगळेच बोलायला लागले.

शिरवोळीत यात्रेच्या आधी वार पाळायची चाल होती. त्या दिवशी बैल जुंपायचे नाहीत, विळा-कोयता हातात धरायचा नाही, जातं-उखळ बंद, चुलीपुढे आदल्या दिवशीची भाकरी. वार मोडला तर माउली कोपते हे शेंबडं पोरही जाणून होतं. आणि आण्णाप्पा पाटील तर हे सगळ्यांपेक्षा जास्त मानायचा, कारण त्याच्या आजोबाने एकदा वार मोडला होता आणि त्याच संध्याकाळी घरची दुभती म्हैस विहिरीत पडली होती.

भावकू गुरव मात्र घाबरा झाला. "अगं पर कार्तिकात कसला वार? माउलीनं कुठं सांगितलंय?"

"नगं तरी कुठं म्हटलंय तिनं?" मालुबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गावात दवंडी फिरली. पाटलाने ती ओट्यावर बसून ऐकली आणि त्याला हायसं वाटलं. मिशा मोठ्या असल्या तरी त्याचं काळीज तेवढं मोठं नव्हतं. गावाशीही भांडायचं नव्हतं आणि सरकारशीही. आता सगळा भार माउलीवर गेला होता.

मालुबाईचं दोन दिवस गावात कौतुक झालं. विहिरीवर तिला आधी पाणी भरू दिलं. परसू म्हणाला, "वैनी, शहापुरात असतीस तर तुला पुढारी केलं असतं." भरमा जेवताना उगीचच तिच्याकडे बघून हसला. ती स्वतःवर खूष होती, आणि ते लपवायचा तिने फारसा प्रयत्नही केला नाही.

मंगळवार उजाडला तो आभाळ घेऊन.

पहाटे मालुबाई दार उघडून बाहेर आली तर तोंडावर ओला वारा आला. जांबोटीच्या बाजूचे डोंगर दिसतच नव्हते. तिकडून काळं आभाळ हळूहळू शिरवोळीवर सरकत होतं. सगळ्या गावाचं भात शेतात कापून पडलेलं, दावणीला बैल, अंगणात गाड्या, आणि गाडी जुंपायची नाही. का, तर वार आहे. आणि वार कुणाचा, तर मालुबाईचा.

दिवस वर येईपर्यंत सगळं गाव दारोदार उकिडवं बसून आभाळाकडे बघत होतं. जुंपावं तर वार मोडला असा बोभाटा होणार. शिवेवर कारकून येऊन ठेपणार, आपल्या भाताला गाड्या चालल्या आणि साहेबाच्या सामानाला नाहीत हे त्याला दिसणार, आणि मग संघ, शपथ, सगळं पाण्यात. न जुंपावं तर भात पाण्यात. विहिरीवर आज तिला कुणी आधी पाणी भरू दिलं नाही.

"पुढारीनबाई आल्या," चंपाबाई म्हणाली. ही ज्योतिबाची बायको, जिभेने तिखट. "विचार गं बाई तुझ्या माउलीला, पाऊस तरी थांबवती का."

मालुबाई रिकामी घागर घेऊन घरी आली आणि उंबऱ्यावर बसली. डोळ्यांत पाणी आलं होतं. कुबट भाताचा वास तिला आतापासूनच यायला लागला.

नागुबाई आत कोपऱ्यात शिळ्या भाकरीचा तुकडा दाताविना चघळत होती. "का बसलीस गं तोंड पाडून?"

"आत्ती, चेष्टा करू नका. आज भात भिजतंय."

"मग आना की."

"वार हाय न्हवं?"

"वाराला जुंपायचं न्हाय. लोखंड धरायचं न्हाय. दळायकांडायचं न्हाय," म्हातारीने बोटं मोजत सांगितलं. "डोईवर वझं घेतल्यानं कुठं वार मोडतोया? पिलेगच्या साली आमी वाराच्या दिशी सगळं सामान डोईवर घिऊन माळावर झोपड्यांत गेलताव. माउलीला काय झालं न्हाय. तिला कळतंय सगळं. तुमालाच कळंना झालंय."

मालुबाई उठली. गाठोड्यात ठेवलेलं जुनं लुगडं फाडून तिने त्याची चुंबळ वळली आणि तशीच गल्लीतून बोंबलत निघाली. "अगं ए चंपे! डोईनं आनायचं! डोईला वार न्हाय! चुंबळ घे आनि चल!"

भरमा दोर घेऊन मागून आला. "आपल्या वरच्या शेताकडं जाऊया का? ते लांब हाय."

"न्हाय," मालुबाई म्हणाली. "गावाचं आदी. आपलं सगळ्यात शेवटी."

"का गं?"

"वार कुनाचा? माजा. मग माजं शेवटी."

भरमाला हे फारसं पटलं नाही, पण बायकोच्या तोंडाकडे बघून तो जवळच्या वावराकडे वळला. त्यांचं शेत रानाच्या कडेला, गावापासून सगळ्यात दूर होतं.

मग जे सुरू झालं तसं शिरवोळीने पूर्वी बघितलं नव्हतं. एरवी ज्याचा त्याने आपला भारा बांधायचा. आज कुणाचं शेत कुणाचं हे बघायला वेळच नव्हता. जवळच्या वावरापासून सुरुवात केली. पुरुष पेंढ्या गोळा करून भारे आवळत होते, दोघं मिळून भारा उचलून बाईच्या डोक्यावर देत होते, आणि बायका एकीमागे एक बांधावरून खळ्याकडे चालल्या होत्या. लोंब्या डोळ्यांवर येत. भाताचं कूस मानेत, पाठीत, चोळीच्या आत शिरून खाजत होतं आणि खाजवायला हात मोकळा नव्हता. दुपारपर्यंत पुरुषही डोक्यावर भारे घ्यायला लागले. एरवी बायकांसारखं डोक्यावर ओझं नेताना लाजणारे गडी मान ताठ करून तुरुतुरु चालताना बघून चंपाबाईला हसू आवरेना. "नीट चाला वो, भाऊजी! पदर पडतोय तुमचा!" ती ओरडली. सकाळचा तिचा राग कुठल्या कुठे गेला होता.

पाटलाच्या शेताशी रांग थांबली.

"ह्येचं कशाला?" परसू म्हणाला. "संघात हाय का ह्यो?"

"भातानं काय घोडं मारलंय तुजं?" मालुबाई म्हणाली. "गेल्या साली माज्या भाताला मोड आलं. तसलं शिजवायचं वैऱ्याच्यासुदिक वाट्याला येऊ नये. बांध भारा."

पाटील ओट्यावरून हे बघत होता. आपल्या शेतात माणसं शिरली म्हणून तो आधी धावत आला, आणि आल्यावर काय चाललंय ते कळून तिथेच उभा राहिला. मग त्याने रुमाल सोडला, त्याचीच चुंबळ केली आणि भरमाला म्हणाला, "दे उचलून." भरमाने मुद्दाम मोठा भारा दिला. पाटील दोन पावलं भेलकांडला, पण चालायला लागला.

मामलेदार कचेरीतला कारकून शिवेवरून चालत आला तो नेमका या वेळेला. पाठोपाठ दोन शिपाई. मागच्या गावाने सामान शिवेवर उतरवून गाड्या परत नेल्या होत्या. साहेब पुढे जांबोटीच्या बंगल्यात खाटेची वाट बघत बसला होता. चालण्यापेक्षा काळजीनेच कारकुनाला जास्त घाम फुटला होता. वहाणेचा एक पट्टा तुटल्यामुळे तो एक पाय ओढत होता.

"एन्री पाटीलरे, हा काय तमाशा? गाड्या कुठं आहेत?" त्याने कानडी हेलात विचारलं. भाऱ्याखालचा पाटील त्याने मिशांवरून ओळखला होता.

"आज वार हाय जी," पाटलाऐवजी भावकू गुरव पुटपुटला. "माउलीचा. बैल जुंपत न्हाईत."

कारकुनाने रांगेवरून नजर फिरवली. "पण डोक्यावर ओझं चालतं, होय?"

गुरवाच्या तोंडून 'व्हय जी' निघून गेलं.

"मग झालं तर! भारे ठेवा खाली. साहेबांचं सामान घ्या डोक्यावर आणि चला कोदळीपर्यंत. तुमची देवीही रागवायची नाही आणि माझा साहेबही."

कारकून डोक्याने हुशार होता, यात वाद नाही. सगळी रांग जागच्या जागी थबकली. हळूहळू एकेक मान मालुबाईकडे वळायला लागली. युक्ती तिची होती, मग उत्तरही तिनेच द्यायचं.

मालुबाईच्या डोक्यावर भारा होता. घाम डोळ्यांत उतरत होता. आणखी एक थाप तिच्या ओठावर आली होती. साहेबाच्या पेट्या कातड्याच्या, वाराला कातडं शिवत नाही, असं म्हणता आलं असतं. पण मग कारकून त्यावरही काहीतरी काढणार, आपण त्यावर आणखी काही रचणार, आणि माउली बिचारी मध्ये. सकाळपासून ती थकली होती, आणि या खोटं बोलण्याचा तिला आता मनापासून वीट आला.

"न्हाय नेनार," ती म्हणाली.

"का? वार मोडतो?"

"न्हाय मोडत. वार माउलीनं सांगितलेलाच न्हाय. तिचं नाव आमी उगंच फुडं केलं, भ्यालो म्हणून. आमचं भात भिजूलालंय आनि आमाला सायबाचं वझं उचलायचं न्हाय, एवढंच हाय. आज न्हाय, उद्या न्हाय. गाडीनं न्हाय, डोईनं न्हाय."

गुरवाने डोळे मिटून हात जोडले. आणि मागून भरमाचा आवाज आला.

"आनि कुत्रंबी न्हाय."

आधी चंपाबाई फुसकन हसली. मग ज्योतिबा. मग डोक्यावरच्या भाऱ्यांसकट सगळी रांग गदगदा हलायला लागली. दोन भारे खाली पडले. एक शिपाईही तोंड फिरवून हसला. सकाळपासून, खरं म्हणजे कित्येक वर्षांपासून, छातीवर बसलेली भीती अशी हसण्यावर निघून गेली. मालुबाईला भरून आलं. बारा वर्षं संसार केला त्या माणसाच्या अंगात एवढं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

कारकून लाल झाला. "पाटील! या बाईचं नाव सांगा. सगळ्यांची नावं सांगा. कोण कोण आहे?"

पाटलाच्या मिशांत कूस अडकलं होतं.

"रावसाहेब, डोईवर वझं हाय," तो म्हणाला. "मान वळंना. कोन कोन हाय ते मला दिसतच न्हाय." आणि तो बांधावरून पुढे चालायला लागला. त्याच्यामागे सगळी रांग निघाली.

"उद्या फौजदार घेऊन येतो!" कारकून मागून ओरडला. "एकेकाचे बैल जप्त करतो!" आणि पाय ओढत, नव्या गाड्या शोधायला कोदळीच्या वाटेला लागला.

संध्याकाळी बुरबुर सुरू झाली तेव्हा गावाचं भात खळ्याखळ्यांवर रचून, वर गवत टाकून झालं होतं. भरमाच्या वरच्या शेतातलं तेवढं राहिलं होतं. सगळे तिकडे निघाले, चार खेपा झाल्या आणि अंधार पडला. अर्ध्याहून जास्त भात तिथेच राहिलं.

त्यातच फौजदाराची धास्ती. बैल जप्त होऊ नयेत म्हणून पुरुष दिवेलागणीलाच ते घेऊन रानात खोल निघून गेले. जाताना भरमा म्हणाला, "गेलं भात तर गेलं गं. मोडाचं खाऊ. सवय हाय आता." त्याने समजूत घालायला म्हटलं होतं, पण मालुबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही. नागुबाईने गरम मिठाच्या पुरचुंडीने तिची आखडलेली मान शेकली आणि तिला झोपवलं.

बुधवारी ती दिवस उगवायच्या आत शेतात होती. पाऊस फारसा झाला नव्हता. पेंढ्या वरून ओल्या आणि आत कोरड्या होत्या. आज उचललं तर वाचणार होतं, पण आभाळ पुन्हा भरून येत होतं. ती एकटीच विळ्याने पेंढ्या उलट्या करत असताना बांधावरून चंपाबाई आली, मागून आणखी आठ-दहा जणी. एकीचीही मान वळत नव्हती. हाक मारली तर सगळ्या अंगासकट वळून बघत. एकमेकींची ही अवस्था बघून त्या आधी पोटभर हसल्या आणि मग भारे बांधायला लागल्या. पण एवढ्या लांबून डोक्यावर किती जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

तेवढ्यात रस्त्याकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

चंपाबाईच्या हातातली पेंढी गळाली. "फौजदार आला गं. गाड्या घिऊनच आलाय."

एक गाडी नव्हती, रांग होती. कोदळीच्या वळणावरून एकामागे एक गाड्या येत होत्या आणि त्या सरळ मालुबाईच्या शेताकडे वळल्या. बायका एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. मालुबाई पुढे झाली, हातात विळा तसाच. जे बोलायचं ते काल बोलून झालं होतं. आज पुन्हा तेच सांगायचं, असं तिने ठरवलं.

पहिल्या गाडीवर पुढे एक म्हातारा बसला होता. डोक्यावर घोंगडी, तोंडात तंबाखू. तो कोदळीचा रवळू आज्जा होता. बरोबर ना शिपाई ना कारकून.

"मालुबाई म्हंजे तूच का गं?" त्याने गाडी थांबवून विचारलं.

"व्हय. का आलाय?"

"काल तुमचा कारकून आलता आमच्यात. गाड्या द्या म्हणाला. तुमच्या गावात काय झालं ते आमाला आदीच कळलंतं, तुमच्या भाऱ्यांची रांग रस्त्यानं जानाऱ्यानं बघितलीती. आमीबी म्हटलं, गाड्या न्हाईत. तर म्हणाला, का न्हाईत? ह्या काय दिसूलाल्यात. आता काय सांगायचं? आमच्यात कुनी वारबीर काढलेला न्हवता." म्हाताऱ्याने पिंक टाकली. "माज्या तोंडातनं निघून गेलं, त्या सगळ्या शिरवोळीला भात वढायला चालल्यात म्हणून."

"मग?"

"मग काय? तसाच गेला चालत जांबोटीला. सायेब रातभर बंगल्यातल्या बाकड्यावर झोपला म्हणं. त्यो आता फिरून येतोय का न्हाय ते त्येचं त्यो बघंल. पर तुजं भात तेवढं शेतात ऱ्हायलंय ह्येबी कळलं. मग आमी बसून इचार केला, थाप तर मारली. आता ती खरी कराय नको?"

मालुबाईच्या हातातला विळा खाली आला. ती नुसती गाड्यांकडे बघत राहिली. साहेबासाठी मागितलेल्या त्या सगळ्या गाड्या तिच्या भातासाठी तिच्या बांधाला लागत होत्या आणि कोदळीचे गडी खाली उड्या मारून न विचारताच पेंढ्या उचलायला लागले होते.

"पैरा समज," म्हातारा म्हणाला. "आज आमी, उद्या तुमी. आमचं भात फुडल्या आठवड्यात कापून हुतंय. त्या वक्ताला येशीला न्हवं?"

"येतो की," तिने पदराने डोळे पुसले. "अख्खा गाव घिऊन येतो. बैलं, गाड्या, सगळी."

"पर सांगून ठेवतो, आमचा वढायचा दिस मंगळवार हाय," म्हातारा मिशीत हसत म्हणाला. "तुमच्यात त्या दिशी वार असतोय म्हणं."

"मंगळवारीच येतो, आज्जा," मालुबाई म्हणाली. "आमच्या गाड्या त्या दिशी मोकळ्या असत्यात." आणि तिने वाकून जवळची पेंढी उचलली आणि गाडीवर त्याच्या हातात दिली.